गाता येतं, पाणी मागता येत नाही : नागपुरातल्या एका भजनकऱ्याचा प्रकरण अभ्यास

रुग्ण पुरुष, वय ६४. एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त, राहणार मानेवाडा भाग. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकून पक्षाघात. उजवा हात लुळा, उजवा पाय अशक्त, वाचा गेलेली. एवढं फाइलमध्ये होतं. फाइलमध्ये नव्हतं ते त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला दारातच सांगितलं, "मॅडम, हे गाते. पन बोलत नाही."

मी वाचा-उपचार करते, म्हणजे लोक ज्याला स्पीच थेरपी म्हणतात ते काम. कुटुंबाची संमती घेऊन हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे नागपूर-अमरावती पट्ट्यात वस्तीवस्तीत भजनमंडळं आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणत लहानाची मोठी झालेली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यातल्या कुणाला पक्षाघात झाला की हाच प्रकार दिसतो आणि घरचे गोंधळून जातात. गाणं शाबूत असलेला माणूस मुका कसा? या गोंधळातून काही वेळा फार वाईट गोष्टी घडतात. या घरातही घडत होत्या.

काय झालं होतं

काकांना हा झटका पहाटे झोपेत आला. उठायला गेले तर उजवी बाजू साथ देईना, तोंडून शब्द फुटेना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथे लक्षणं नेमकी कधी सुरू झाली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ते इंजेक्शन मिळालं नाही. धंतोलीतल्या एका रुग्णालयात उपचार झाले, जीव वाचला, चालणं हळूहळू सुधारलं. बोलणं मात्र एका शब्दावर अडकलं. "हाव," म्हणजे आमच्याकडच्या बोलीत 'हो'. पाणी हवं, हाव. नको, तरी हाव. नातू शाळेतून आला, हाव. राग आला की तोच शब्द मोठ्याने.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने ज्या रुग्णाच्या मेंदूवरून वाचेचं केंद्र दाखवलं, तो रुग्णही एकच ध्वनी उच्चारत असे, 'तान'. समजत सगळं होतं, म्हणता काही येत नव्हतं. बहुतेक माणसांच्या मेंदूत बोलण्याची जुळणी डाव्या बाजूच्या पुढच्या भागात होते. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द डोक्यात असूनही तोंडापर्यंत येत नाहीत. या प्रकाराला वाचाघात म्हणतात आणि काकांचा प्रकार ब्रोकाने सांगितला त्याच जातीचा होता.

पहिल्या तपासणीत मी त्यांच्यासमोर किल्ली, पेला आणि त्यांच्याच पेटीतला एक पाना ठेवला. नाव विचारलं. पाना हातात घेतला, डाव्या हाताने हवेत नट आवळल्यासारखा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव." डोळ्यांत पाणी आलं. वस्तू ओळखली होती, तिचा उपयोग दाखवला होता, नाव तेवढं येत नव्हतं. "खिडकीकडे बोट करा आणि मग डोळे मिटा," म्हटलं तर बरोबर तसंच केलं. म्हणजे समज चांगली होती. "एक, दोन" एवढं मी म्हटलं की तीन, चार, पाच करत दहापर्यंत जात. पण "तुम्हाला मुलं किती?" असं विचारलं तर 'दोन' हा आकडा बाहेर पडत नव्हता, बोटं वर यायची.

मग काकूंना एखादं भजन सुरू करायला सांगितलं. त्यांनी पदर सावरला, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात पहिली ओळ घेतली. दुसऱ्या शब्दाला काका त्यात आले. धृपद, मग पहिलं कडवं, मग पुन्हा धृपद. शब्द स्वच्छ, जोडाक्षरंसुद्धा न अडखळता, आवाज खड्या पट्टीतला. भजन संपल्यावर त्याच ओळीतला एक साधा, दोन अक्षरांचा शब्द मी म्हणून दाखवला आणि तेवढाच म्हणायला सांगितला. ओठ हलले, जीभ वळली, आवाज आला, "हाव."

त्यांच्या मुलाने हे पाहिलं आणि तो खोलीतून निघून गेला. नंतर त्याने जे सांगितलं ते लिहायलाच हवं, कारण हा संशय अनेक घरांत असतो आणि कुणी बोलून दाखवत नाही. त्याला वाटत होतं, बाबा नाटक करून राह्यले. निवृत्तीनंतर पैशावरून बापलेकांत बोलाचाली झाली होती, त्याचा हा राग आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. "भजन म्हनाले येते, मंग माह्याशीच बोलाले काहून नाही येत?" असा त्याचा सवाल होता. तर्क म्हणून तो चुकीचा नाही. फक्त मेंदूचं कामकाज या तर्काने चालत नाही.

गाणं कसं वाचतं

हे कोडं फार जुनं आहे. १७४५ मध्ये ओलोफ दालिन या स्वीडिश लेखकाने एका माणसाची नोंद केली आहे. आजारात उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळपास बंद. पण कुणी सुरुवात करून दिली की तो प्रार्थनागीतं स्पष्ट शब्दांत गायचा. ही नोंद वाचताना मला मानेवाड्यातली ती खोलीच दिसते.

पाठ असलेलं पद्य आणि स्वतः जुळवलेलं वाक्य या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. "मला पाणी दे" म्हणायचं तर आधी हेतू, मग शब्दांची निवड, मग त्यांचा क्रम, मग जिभेची हालचाल, अशी जुळवाजुळव दर वेळी नव्याने करावी लागते. हजारो वेळा म्हटलेलं भजन हे एकसंध असतं. पहिला शब्द पुढच्याला ओढून आणतो. आकडे, वार, शिव्या, आरत्या हेही असंच ओघाने येतं. शिवाय गाण्याच्या कामात मेंदूची उजवी बाजू मोठा वाटा उचलते आणि काकांच्या मेंदूची ती बाजू धडधाकट होती.

सूनबाई शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी स्वतःहून एक गोष्ट करून पाहिली, ती मला फार मोलाची वाटते. काकांना प्राथमिक शाळेत पाठ करून घेतलेल्या कविता त्यांनी सुरू करून दिल्या. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एका सुरात घोकलेल्या त्या कविता काकांनी पुऱ्या केल्या. मग त्यांनी छंद नसलेल्या, काकांनी कधी पाठ न केलेल्या कविता सावकाश वाचून दाखवल्या. काका मन लावून ऐकत, चेहऱ्यावर भाव उमटत, पण शब्द एकही येत नसे. उपचाराच्या कामाला कवितेचा अर्थ किंवा तिची थोरवी येत नव्हती; येत होता तो तिचा छंद आणि पाठांतर. पाठांतराला आपण गेल्या काही वर्षांत फार हिणवलं आहे. माणूस खचतो तेव्हा आत काय शिल्लक राहतं, हे मी रोज पाहते, आणि मुलांकडून चार कविता तरी तालात पाठ करून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

पेनड्राइव्हची गोष्ट

मी जाण्याआधी एका ओळखीच्या माणसाने या कुटुंबाला 'राग-चिकित्से'चा पेनड्राइव्ह विकला होता. सकाळी अमुक राग, संध्याकाळी तमुक, ठरावीक काळात वाचा परत येईल असं सांगून. काकू तो रोज लावत. काकांना शास्त्रीय संगीताची आवड कधीच नव्हती. ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडत.

अमुक रागाने अमुक रोग जातो, याला मला पटेल असा पुरावा नाही. पक्षाघातानंतर गाणं ऐकण्याचा अभ्यास मात्र नीट झालेला आहे. हेलसिंकीत ६० रुग्णांना तीन गटांत विभागलं गेलं: एक गट रोज स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकणारा, दुसरा ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकणारा, तिसरा यातलं काही न ऐकणारा. तिन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतच होते. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता अधिक सुधारली, उदासी कमी राहिली. यात दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. संगीत रुग्णाच्या आवडीचं होतं आणि फायदा स्मरणशक्ती, लक्ष आणि मनःस्थिती यांचा होता. नुसत्या ऐकण्याने गेलेली वाचा परत आली, असा त्या अभ्यासाचा दावा नाही.

पेनड्राइव्ह बंद झाला. त्या जागी सकाळी तासभर काकांच्या पसंतीची भजनं आणि जुनी मराठी गाणी सुरू झाली. निवड त्यांनीच बोटाने करायची, हा नियम. बोलता न येणाऱ्या माणसाला दिवसभर कुणीतरी दुसरंच ठरवून देत असतं. काय ऐकायचं हे स्वतः ठरवता येणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते.

पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. काका जेवण टाळत होते, हे दिसल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी त्यासाठी गोळी सुरू केली. गाणं सुरू झालं म्हणून ती बंद करायची नाही, हे मी काकूंना पुन्हा पुन्हा सांगितलं.

सहा अक्षरं

गाण्याच्या वाटेने बोलणं परत आणण्याची एक रीतसर पद्धत आहे. १९७३ मध्ये बॉस्टनच्या आल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी ती मांडली. रोजच्या गरजेचं लहानसं वाक्य घ्यायचं, दोनच सुरांवर सावकाश म्हणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने एक थाप द्यायची. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग उपचार करणाऱ्याने मध्येच आवाज काढून घ्यायचा, मग रुग्णाने ऐकून एकट्याने म्हणायचं, शेवटी प्रश्नाचं उत्तर म्हणून म्हणायचं. त्यानंतर सूर हळूहळू उतरवत साध्या बोलण्यावर आणायचं. ज्याची समज चांगली आहे, वाचा तुटक आहे आणि इजा मेंदूच्या डाव्याच बाजूला आहे, अशांना ती लागू पडते. काका या चौकटीत नेमके बसत होते.

या पद्धतीत नेमकं काम कोण करतं यावर जाणकारांत मतभेद आहेत. २००९ मध्ये बॉस्टनमध्येच सहा रुग्णांच्या मेंदूच्या चित्रांत, अशा सखोल सरावानंतर उजव्या बाजूचा एक मज्जातंतूंचा जुडगा वाढलेला दिसला. त्यावरून सुराचं महत्त्व पुढे आलं. २०११ मध्ये जर्मनीतल्या १७ रुग्णांच्या अभ्यासात वेगळं दिसलं. तिथे गायलेल्या आणि नुसत्या तालात म्हटलेल्या ओळींत फारसा फरक पडला नाही. ताल आणि शब्दांची ओळख या गोष्टी निर्णायक ठरल्या. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे आणि मराठी रुग्णांच्या बाबतीत तर जास्तच.

मूळ पद्धत इंग्रजीसाठी बेतलेली आहे. इंग्रजी शब्दाच्या एका भागावर ठसठशीत जोर पडतो, तिथे वरचा सूर घेतात. मराठीत तसा जोर नसतो. आपल्या कानाला सवय आहे ती अक्षरं मोजण्याची. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. लहान अभंगाचे आठ-आठ. ज्याने जन्मभर अभंग म्हटले आहेत, त्याच्या श्वासात सहा अक्षरांची लांबी मुरलेली असते. म्हणून काकांसाठी गरजेची वाक्यं सहा अक्षरांत बसवायचं ठरलं, आणि तीही त्यांच्या घरच्या बोलीत, कारण काका आयुष्यात कधी "मला पाणी दे" म्हणालेच नव्हते.

वाक्यं जमवायला काकू, सूनबाई आणि मी स्वयंपाकघरात बसलो. "मले पानी दे वं." मोजलं, सहा. "भूक नाही मले." सहा. दिवस मे महिन्याचे होते, नागपुरात त्या दिवसांत पाण्याइतकीच गरज कशाची असते ते सांगायला नको: "कूलर लाव ना." सहा. "पोट दुखून राह्यलं" हे मात्र आठात गेलं. तेही लहान अभंगाच्या मापाचंच, म्हणून ठेवलं. सूर दोनच, सा आणि कोमल ग. भजनाची ओळखीची चाल मुद्दाम टाळली, कारण चाल ओळखीची असली की तिच्यामागून जुने शब्दच बाहेर येतात.

खंजिरीचंही तसंच झालं. काका खंजिरी डाव्या हातात धरून उजव्याने वाजवत. आता उजवा हात नव्हता. मांडीवर उशी, उशीवर खंजिरी आणि डाव्या हाताची थाप, अशी सोय मुलाने करून दिली. पण खंजिरीला हात लागला की बोटं आपोआप ठेक्यावर जात आणि 'मले' म्हणायच्या जागी भजनाची ओळ येई. त्यामुळे खंजिरी भजनासाठी राखून ठेवली आणि वाक्यांच्या सरावाला पलंगाची कड घेतली. मी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेऊन कडेवर थाप द्यायची, साधारण सेकंदाला एक अक्षर. म. ले. पा. नी. दे. वं. सुरुवातीला चौथ्या अक्षरावर ते अडकत आणि 'हाव' येई. अडकले की आपण दुरुस्ती करायची नाही, एक पायरी मागे जाऊन पुन्हा सोबत म्हणायचं. घरच्यांना हे सर्वांत अवघड गेलं. माणूस अडखळताना पाहिला की आपल्याला त्याच्या तोंडात शब्द घालावासा वाटतो. मी त्यांना मनात दहा मोजायला सांगितलं होतं. काकू मोजत मोजत ओठ चावत.

सूनबाईंचा अभंग

वाक्यं एकट्याने म्हणता येऊ लागली तेव्हा सूनबाईंनी त्यांचा एक अभंग बांधला. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमकसुद्धा साधलं होतं:

मले पानी दे वं। कूलर लाव ना।
बाहीर चाल ना। बस झालं॥

काकांना तो इतका आवडला की दोन-तीन दिवसांत मुखोद्गत झाला. घरात आनंद झाला. फोनवर नातेवाइकांना ऐकवला गेला. आणि मग अडचण सुरू झाली. काकांना अंगणात जायचं असलं की ते पहिल्या चरणापासून सुरू करत. "मले पानी दे वं" ऐकून काकू पाणी आणत. काका पेला हाताने बाजूला सारत, चिडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. "बाहीर चाल ना" या ओळीपर्यंत पोचायचं तर पाणी आणि कूलर ओलांडूनच जावं लागत होतं. चार सुटी वाक्यं एकमेकांना जोडली गेली आणि त्यांची पुन्हा एक आरती झाली.

या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वळण मी हेच मानते. पद्य शब्दांना बांधून ठेवतं, म्हणूनच ते आजारात टिकतं. आणि बांधून ठेवतं म्हणूनच गरजेचा एक शब्द त्यातून सुटा काढणं कठीण जातं. उपचाराचं खरं काम आहे ते हा धागा योग्य जागी तोडण्याचं. सूनबाईंनी बांधला तितक्याच प्रेमाने त्यांनी तो सोडवायलाही मदत केली. 'कूलर लाव ना' फक्त कूलरसमोर म्हणायचं, दुपारीच. 'बाहीर चाल ना' चपला पायात घालून, उंबऱ्यापाशी. क्रम रोज बदलायचा. एका बैठकीत दोन वाक्यं लागोपाठ घ्यायची नाहीत. तो अभंग मोडायला बरेच दिवस लागले, बांधायला लागले त्याहून कितीतरी जास्त.

मग वाक्यात एक जागा रिकामी ठेवायला सुरुवात केली. "मले, काहीतरी, दे वं." पानीच्या जागी चहा. दोन अक्षरं जाऊन दोन अक्षरं आली, ताल तोच राहिला. ऊस, डाळ, दही असे दोन-दोन अक्षरांचे शब्द तिथे बसवत गेलो. काही बसत, काही गळून पडत.

एका दुपारी कूलरचा पंखा खडखड करत होता. काका उठून त्याच्याजवळ गेले, वाकून पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "मले पाना दे वं." काकूंना वाटलं, पाणीच मागत आहेत, शब्द घसरला. मलाही ती शंका आली असती. एका स्वराचा तर फरक. पण पाण्याचा पेला त्यांनी परत केला, बोट पंख्याच्या नटावर ठेवलं आणि डावा हात हवेत फिरवला. पाना हा शब्द आम्ही त्या जागेवर कधी बसवला नव्हता. पेटी आणली गेली. नट मुलाने आवळला, काका शेजारी उभे राहून किती आवळायचा ते मानेने सांगत होते. मुलाच्या मनातला 'नाटका'चा संशय कधी गेला, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. पण त्या दुपारनंतर मी तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला नाही.

मंडळ

सुरुवातीला मंडळाची माणसं भेटायला येत, काका त्यांच्यासोबत दोन भजनं म्हणत आणि ती माणसं "झाले न जी बरे!" म्हणून निघून जात. त्यांच्या आनंदात खोट नव्हती. पण दार लागल्यावर काका रडत. पक्षाघातानंतर रडू लवकर येतं, मेंदूचा तो लगाम सैल होतो, हे खरं आहे. तरी मला वाटतं, बरे झालो असं सगळे समजले की आता कुणी थांबून ऐकणार नाही, हे त्यांना कळत होतं.

मंडळाला मी एकदा बसवून सांगितलं. खरं तर मंडळात जे घडतं, तेच आमच्या पद्धतीतही घडत असतं. मुख्य गायक ओळ घेतो, बाकीचे सोबत म्हणतात, मग तो थांबतो आणि मागचे ती एकट्याने उचलतात. सोबत म्हणणं, आधार काढणं, उत्तर देणं, या पायऱ्या त्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. त्यांना फक्त दोन गोष्टी नव्याने करायला सांगितल्या. भजनात ओळीचा शेवटचा शब्द कधीकधी सोडून द्यायचा आणि तो काकांना एकट्यांना भरू द्यायचा. आणि भजन संपल्यावर लगेच उठायचं नाही. काकांना एक साधा प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायची, कितीही वेळ लागला तरी.

मंडळातल्या एका दादांनी हे फार मनावर घेतलं. ते दर खेपेला विचारत, "काय खाल्लं आज?" आणि हात मांडीवर ठेवून बसून राहत. खोलीत बारा-पंधरा माणसं, कुणी बोलत नाही. काका पलंगाच्या कडेवर बोटं ठेवत, एक थाप, दुसरी थाप. "भा... भाजी." मग बराच वेळाने, "भाकर." दादा म्हणत, "कोनती भाजी?" आणि पुन्हा थांबत.

तालमीतलं बोलणं आणि जगातलं बोलणं यांत जी दरी असते, ती माझ्या खोलीत भरून निघत नाही. ती भरायला अशी माणसं लागतात जी रोज संध्याकाळी येणार आहेत आणि ज्यांना घाई नाही. भजनमंडळाने काकांना काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी ही वाट पाहणारी माणसं सांगेन, मग गाणं.

आजची स्थिती

यातलं किती गाण्यामुळे आणि किती आपोआप झालं, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःहूनही बरंच सावरतो आणि काकांचा सराव त्याच काळात सुरू झाला. नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासांतही ही पद्धत सुरुवातीच्या महिन्यांत अधिक लागू पडली. वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांत फायदा मर्यादित राहिला. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी वाट पाहत बसू नये. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात वाचा-उपचाराची चौकशी लवकर करावी. फिजिओथेरपीसाठी धावपळ करणारी घरं वाचेच्या बाबतीत "येईल हळूहळू" म्हणून थांबतात, हे मी फार पाहिलं आहे.

काका आता दोन-तीन शब्दांची वाक्यं स्वतः जुळवतात. वस्तूंची नावं बरीच आली आहेत, क्रियापदं मागे आहेत. "दवाखाना... उद्या... रिक्षा" असं म्हणतात, त्यातलं 'जायचं' ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. डावा हात अजून हलतो. मांडीवर हळूच थाप देतात, पण सूर जवळजवळ गेला आहे. वाचन फार कमी आहे, लिहिणं नाही. दमले की किंवा चारजण एकदम बोलू लागले की 'हाव' परत येतो. पट्टी चढवून भजन मात्र पूर्वीसारखंच म्हणतात आणि मंडळात त्यांची जागा मुख्य गायकाच्या डाव्या हाताला ठरलेली आहे. ते उपचार म्हणून नाही. ते त्यांचं भजन आहे आणि त्याचा हिशेब मी माझ्या नोंदवहीत धरत नाही.

सध्या काम चालू आहे ते फोनवर. फोनवर हातवारे दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे वाचाघाताच्या रुग्णाला तो सर्वांत जड जातो. पुढच्या महिन्यापासून मुलगा दुपारी ऑफिसातून फोन करणार, तो काकांनीच उचलायचा आणि काकूंनी दुसऱ्या खोलीत थांबायचं, असं ठरलं आहे. सूनबाईंनी पहिलं वाक्य बांधून दिलं आहे, "मीच बोलतो रे." सहा अक्षरं भरतात. पलीकडून मुलाने त्यावर काय काय विचारायचं, याची यादी आम्हाला या आठवड्यात करायची आहे.